एमआरआयवर नवीन आहात? आधी दार सांभाळायला शिका

नाशिकच्या गंगापूर रोड, मुंबई नाका, द्वारका या पट्ट्यात आता एमआरआय सेंटर शोधत फिरावं लागत नाही. त्यामुळे डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झालेली मुलं-मुली थोडे दिवस एक्स-रे आणि सीटीवर काढून लवकरच मॅग्नेटवर येतात. सगळ्यांचं लक्ष कन्सोलवर असतं. कोणता सिक्वेन्स (चित्र घ्यायची पद्धत), किती स्लाइस, अँगल कसा. ते जमतं हो, महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो. खोलीच्या दारात उभं राहून माणसाला नीट विचारणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं, आणि चुकलं तर महागात पडतं ते तिथेच. म्हणून हा लेख दारापासून सुरू करतोय.

पहिली गोष्ट: मॅग्नेट बंद नसतो

सीटीचं बटण सोडलं की किरण बंद. ती सवय घेऊन इथे येऊ नका. आपल्याकडचे बहुतेक मॅग्नेट सुपरकंडक्टिंग आहेत. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली असते. त्या थंडीत तारेला विजेचा विरोध उरत नाही, म्हणून एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो. पेशंट नसला, रविवार असला, महावितरणची लाईट गेली, जनरेटरही बसला, तरी मॅग्नेट चालूच. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो मशीनकडे ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, असं नातेवाइकांनी म्हटल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्याआधी २०१४ मध्ये खारघरच्या एका केंद्रात दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये काही तास अडकून पडले होते. दोन्ही घटना आपल्याच राज्यातल्या, आणि दोन्हीत वस्तू एकच.

ओढ कशी वाढते तेही समजून घ्या. हल्लीच्या मॅग्नेटना शील्डिंग असतं, त्यामुळे चार पावलं लांब काहीच जाणवत नाही. बोअरच्या, म्हणजे पेशंट आत सरकतो त्या बोगद्याच्या, तोंडाशी क्षेत्र एकदम चढतं, आणि ओढ सगळ्यात जास्त तिथेच असते. ‘दारापर्यंत आणलं, काही झालं नाही’ म्हणणारा माणूस पुढच्या दोन पावलांत हातातली वस्तू गमावतो. वस्तू सुटली की तिच्यामागे धावू नका, आणि मधल्या रेषेत तर अजिबात उभं राहू नका.

दुसरी गोष्ट: जागेचे चार टप्पे

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने आखलेली चार झोनची पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. बाहेरचा वेटिंग हॉल पहिला. जिथे फॉर्म भरतो आणि कपडे बदलतो तो दुसरा. कन्सोलची खोली आणि मॅग्नेटच्या दारापर्यंतचा भाग तिसरा, तिथे तपासल्याशिवाय कुणीही नाही. मॅग्नेटची खोली चौथा.

कागदावर हे सोपं दिसतं. आपल्याकडची बरीच सेंटर जुन्या इमारतींत, तळमजल्यावर जागा काढून बसवलेली आहेत. तिथे दुसरा आणि तिसरा झोन एकाच बोळात येतो, आणि चहावाला सरळ कन्सोलपर्यंत येतो. तुमच्या जागेत कोणती फरशी कोणत्या झोनमध्ये येते, ते पहिल्याच दिवशी सीनियरला विचारा. पट्टी मारलेली नसेल तर मारायला लावा.

पेशंटवर सगळ्यांचंच लक्ष असतं. बेसावध क्षणी आत शिरतात ते दुसरेच: फरशी पुसायला बादली-मॉप घेऊन आलेल्या मावशी, आयसीयूतून पेशंट आणणारा वॉर्डबॉय, एसी दुरुस्तीवाला, ‘एक मिनिट बघतो’ म्हणणारे डॉक्टर. डॉक्टरांच्या खिशात कात्री, गळ्यात स्टेथोस्कोप. त्यांना थांबवायला नवीन मुलांना भीड वाटते. भीड ठेवू नका. ‘सर, खिसे रिकामे करून घ्या’ एवढंच म्हणायचं आणि दारातून हलायचं नाही.

सीटीवरून आलेल्यांसाठी एक: अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज इथे उपयोगाचा नाही, कारण आयनीभवन करणारे किरणच नाहीत. बॅज बाहेर काढून ठेवा, त्याला क्लिप असते.

तिसरी गोष्ट: विचारायचं कसं

फॉर्मवर ‘शरीरात धातूची वस्तू आहे का?’ असा प्रश्न असतो. पेशंट ‘नाही’ म्हणतो, खाली सही करतो. हा प्रश्न म्हणजे नुसती औपचारिकता. माणूस ज्या शब्दांत आपल्या शरीराबद्दल बोलतो, त्या शब्दांत विचारावं लागतं.

‘ऑपरेशन झालंय का?’ याला ‘नाही’ असं उत्तर मिळतं, आणि ॲन्जिओप्लास्टी झालेली असते. ते त्यांच्या हिशेबी ऑपरेशन नसतं, ‘फक्त हातातून तार घातली’. म्हणून असं विचारा: हृदयात स्प्रिंग, जाळी, स्टेंट बसवलाय का? छातीत बॅटरीचं मशीन आहे का? डोक्याची नस फुटली म्हणून कधी क्लिप लावली का? डोक्यातलं पाणी काढायला नळी टाकलीय का? कानात मशीन आत बसवलंय, की बाहेरून लावता? हाडात रॉड, प्लेट, स्क्रू? तांबी बसवलीय का? कधी गोळी, छर्रा, कण लागला होता का? कवळी निघते का?

प्रश्न दोनदा विचारायचे, दोन वेगळ्या माणसांनी. एकदा फॉर्म भरताना, एकदा दारात. दुसऱ्यांदा विचारलं की आठवतं. बागलाण, कळवणकडची म्हातारी माणसं अहिराणीत बोलतात, सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांची बोली वेगळी. नुसतं मान हलवणं म्हणजे उत्तर नव्हे. सोबतच्या मुलाला-सुनेला जवळ घ्या आणि त्यांच्याकडून वदवून घ्या. बेशुद्ध पेशंट असेल तर अंगावरच्या जुन्या टाक्यांच्या खुणा शोधा, जुने एक्स-रे मागवा, आणि निर्णय रेडिऑलॉजिस्टवर सोडा.

नाशिकमध्ये एक प्रश्न तर कधीच गाळू नका: ‘कामाला कुठे आहात?’ सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग, लेथ, वेल्डिंगवर आयुष्य काढलेली माणसं मान-पाठीच्या एमआरआयला रोज येतात. त्यांना ‘डोळ्यात लोखंड गेलंय का?’ विचारलं तर ‘नाही’. जरा थांबून विचारा, ‘ग्राइंडरवर असताना डोळ्यात कण गेला होता का? मग काय केलं?’ मग उत्तर येतं: ‘हो, ते नेहमीचंच. शेजारच्याने रुमालाच्या टोकाने काढला, एकदा डॉक्टरकडे गेलो होतो.’ डॉक्टरांनी सगळं निघालं असं सांगितलं का, हे पुढे विचारा. खात्री नसेल तर डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून रेडिऑलॉजिस्टला दाखवायचा, मगच आत. हाडातली प्लेट पक्की धरलेली असते, पण बुबुळामागचा पोलादाचा बारीक कण मॅग्नेटमध्ये हलला तर आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. पेशंट पाठीसाठी आला होता, हे लक्षात ठेवा.

इम्प्लांट सापडला तर

‘डॉक्टर म्हणाले टायटॅनियमचं आहे, चालतं’ हे उत्तर ऐकायचं, पण त्यावर स्कॅन करायचा नाही. कंपनी आणि मॉडेल हवं. इम्प्लांट कार्ड मागा, नसेल तर डिस्चार्ज कार्ड, नाहीतर ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन. वस्तूंवर तीन खुणा असतात: हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींवर चालणारं, लाल वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे आत बंदी. इम्प्लांटच्या बाबतीत बहुतेक वेळा पिवळ्या त्रिकोणाशीच गाठ पडते, आणि अटी वाचल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. १.५ टेस्लावर चालणारा पेसमेकर ३ टेस्लावर चालेलच असं नाही. तो आधी एमआरआय मोडवर टाकावा लागतो, नंतर परत तपासावा लागतो, आणि स्कॅनभर ईसीजी-ऑक्सिजनवर नजर लागते. डोक्यातल्या नळीचा व्हॉल्व्ह प्रोग्रॅम करता येणारा असेल तर स्कॅननंतर त्याचं सेटिंग तपासायची सोय आधीच करून ठेवा. माहिती मिळत नसेल तर ‘आज नाही’ म्हणायचं. रेफर करणारे डॉक्टर रागावतील, रागावू द्या.

चौथी गोष्ट: अंगावरचं सगळं

नियम एकच ठेवा, प्रत्येकाचे कपडे बदलायचे. ‘माझे साधेच आहेत’ याला सूट नाही.

आपल्याकडच्या काही गोष्टी परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. अंबाड्यातले आकडे. गजरा काढला की काम झालं असं वाटतं, आकडे आतच राहतात आणि ते पोलादाचे असतात. निऱ्यांना, पदराला, ब्लाऊजला आतून लावलेल्या पिना. कमरेचा करगोटा आणि त्यातला ताईत. मंगळसूत्राच्या मण्यांमधली तार. सोनं-चांदी मॅग्नेटला ओढली जात नाही, पण वीजवाहक असल्यामुळे तापू शकते आणि चित्रही बिघडवते. बोटात रुतलेली जोडवी निघतच नसतील तर सीनियरला दाखवा, तपासणीचा भाग लांब असेल तर तो मार्ग सांगेल. काढायला काय जड जातं हे ओळखून बोला. मंगळसूत्र काढायला बाई का-कू करते तेव्हा ‘नियम आहे’ एवढं पुरत नाही. नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात त्यांच्यासमोर द्या, नाहीतर पुडी बांधून नाव लिहा.

येवला आपल्याच जिल्ह्यात. लग्नसराईत पैठणी नेसून थेट कार्यक्रमातून तपासणीला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पदराची जर म्हणजे धातूचा लेप दिलेला धागा, रेडिओ लहरींत तापणारा. खेळाच्या टी-शर्टमध्ये, जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या बनियनमध्येही चांदीचे धागे असू शकतात. औषधाच्या काही पट्ट्यांना मागून धातूचा पातळ थर असतो, त्या डॉक्टरांना विचारून काढायच्या. काजळ, मस्कारा पुसून टाका. गोंदण असेल तर ‘तिथे चटका बसला तर लगेच हातातला बोलावण्याचा बॉल दाबा’ असं सांगून ठेवा.

द्राक्षाच्या हंगामात शेतकऱ्यांच्या खिशात छाटणीची कात्री सापडते. हसू नका, तपासा.

जरा भौतिकशास्त्र, कामापुरतं

शरीरात पाणी आणि चरबी आहे, म्हणजे हायड्रोजन आहे. त्याचा प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वेगाने डोलतो: प्रत्येक टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. १.५ वर तो आकडा सुमारे ६४ येतो, ३ वर सुमारे १२८. एफएम रेडिओ ८८ ते १०८ च्या मध्ये, म्हणजे आपण रेडिओच्याच गावात काम करतोय. म्हणून खोलीभोवती तांब्याचा पिंजरा असतो आणि दार घट्ट लागावं लागतं. चित्रावर आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या रेघा आल्या तर आधी दार बघा, दाराच्या पितळी पट्ट्या बघा.

त्याच वारंवारितेची लहर सोडली की प्रोटॉन ऊर्जा घेतात. लहर थांबली की ती सोडत पूर्वपदावर येतात आणि तोच सिग्नल कॉइल, म्हणजे तपासणीच्या भागावर लावलेली अँटेना, पकडते. परतण्याचे दोन वेग मोजतो, टी१ आणि टी२. चरबी झटपट सावरते, पाणी रेंगाळतं. टीआर (दोन लहरींमधला वेळ) कमी, सुमारे ५०० मिलिसेकंद ठेवला, तर चरबी सावरलेली असते आणि उजळ दिसते, पाणी काळं. हा टी१. टीआर ३००० च्या वर आणि टीई (लहरीपासून सिग्नल पकडेपर्यंतचा वेळ) १०० च्या आसपास ठेवला तर शेवटपर्यंत सिग्नल देत राहणारं पाणी पांढरं दिसतं. हा टी२. ओळखायचं कसं? मेंदूच्या पोकळीतलं पाणी बघा. काळं तर टी१, पांढरं तर टी२. बाकी सगळं टी२ सारखं असून तेवढं पाणीच काळं असेल तर फ्लेअर.

ग्रेडियंट म्हणजे मुख्य क्षेत्रात मुद्दाम केलेला चढ-उतार. त्यामुळे सिग्नल कुठून आला ते कळतं. आवाजही त्यांचाच. करंट वेगाने उलटसुलट होताना गुंडाळ्या हादरतात. हा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे सगळ्यांना, आत बसलेल्या नातेवाइकालाही. फोमचा बोळा आधी बोटांत वळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरायचा. नुसता कानावर टेकवलेला बोळा काही कामाचा नाही.

एक हिशेब मात्र पाठ करा. ॲव्हरेज, म्हणजे तोच सिग्नल किती वेळा घ्यायचा तो आकडा, २ चे ४ केले तर वेळ दुप्पट होतो, सिग्नल-नॉईजचं प्रमाण सुधारतं ते फक्त ४१ टक्के. कंबरदुखीने कळवळणारा माणूस त्या वाढीव वेळात हलणारच. चित्र मग आधीपेक्षा वाईट. माझं मत विचाराल तर अशा पेशंटला छोटे सिक्वेन्स द्या आणि महत्त्वाचा सिक्वेन्स आधी उरका.

पाचवी गोष्ट: टेबलावर

एमआरआयमध्ये इजा होते ती उडणाऱ्या वस्तूंनीच असं नाही, भाजूनही होते. रेडिओ लहरींची ऊर्जा अंगात उष्णतेच्या रूपाने उतरते. दर किलोला ती किती वेगाने उतरते त्या मापाला सार (एसएआर) म्हणतात, आणि साधारण पद्धतीत पूर्ण शरीरासाठी मर्यादा किलोमागे २ वॉट. मशीन हा हिशेब तुम्ही टाकलेल्या वजनावर करतं. अंदाजपंचे ‘७०’ टाकू नका, काटा ठेवा आणि वजन करा.

त्वचेला त्वचा लागली की विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. हात छातीवर गुंफलेले नकोत, घोटे एकमेकांवर नकोत, मांड्यांमध्ये चादर घाला. कोपर बोअरच्या भिंतीला लागत असेल तर कंपनीने दिलेला पॅड मध्ये ठेवा, दुमडलेली चादर त्याची जागा घेत नाही. कॉइलची वायर सरळ, वेटोळं नाही, आणि अंगाला टेकलेली नाही. वॉर्डातून आलेले ईसीजीचे स्टिकर आणि बोटाचा ऑक्सिमीटर काढून एमआरआयचेच लावा.

मग माणसाकडे या. गुडघ्याखाली उशी, अंगावर पांघरूण, कारण खोली थंड असते. बॉल हातात द्या आणि एकदा दाबून दाखवायला लावा. वाजला, तुम्ही ऐकलात, हे त्यांना कळू द्या. किती वेळ लागेल ते खरं सांगा. पंचवीस मिनिटं लागणार असतील तर ‘पाचच मिनिटं काकू’ म्हणू नका. सहाव्या मिनिटाला तुमच्यावरचा विश्वास जातो. दर सिक्वेन्सआधी बोला: ‘आजी, आता चार मिनिटांचा आवाज आहे, हलू नका.’ पोटाच्या तपासणीत श्वास रोखायचा सराव बाहेरच करून घ्या, आत घाईत ‘श्वास सोडा, थांबा’ कळत नाही.

घाबरणाऱ्यांना डोळ्यांवर आधीच रुमाल ठेवा, आत गेल्यावर नाही. शक्य तिथे पाय आधी आत घ्या. सोबतच्या माणसाला, त्याचीही तीच तपासणी करून, पायाशी बसवा. तान्ह्या बाळाला जागं ठेवून आणा, पाजा, गुंडाळा, बऱ्याचदा भुलीशिवाय भागतं. भूल लागलीच तर भूलतज्ज्ञ हवेतच, ‘थोडंसं सिरप’ हा धंदा टेक्निशियनने करायचा नाही.

सुई लावताना

गॅडोलिनियमआधी (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) रक्तातलं क्रिएटिनिन बघा. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल, डायलिसिस चालू असेल, तर थांबा आणि रेडिऑलॉजिस्टला विचारा. गरोदर बाईला विचारल्याशिवाय कॉन्ट्रास्ट नाही. मागच्या वेळी पुरळ आलं होतं का, धाप लागली होती का, हे विचारा. नेहमीचा डोस किलोला ०.१ मिलिमोल, पण औषधागणिक मिलिलिटर बदलतात, काही औषधं दुप्पट तीव्रतेची येतात, तेव्हा बाटली वाचा. आधी सलाईन ढकलून शीर बघा. ॲड्रेनलिनचा ट्रे बाहेर भरलेला असावा, आणि पेशंटला लगेच घरी सोडू नका.

बिघडलं तर

तीन बटणं पहिल्या आठवड्यात हात लावून ओळखा, दाबायची नाहीत. टेबल थांबवायचं वेगळं. वीज तोडायचं वेगळं, त्याने मॅग्नेट जात नाही. क्वेंचचं वेगळं, झाकणाखाली असतं. क्वेंच म्हणजे हेलियमची वाफ होऊन मॅग्नेट जाणं. द्रवाची वाफ सुमारे ७५० पट जागा घेते. पाइपातून ती छताबाहेर गेली तर ठीक, खोलीत शिरली तर ऑक्सिजन ढकलून देते. ऑक्सिजनचा अलार्म वाजला तर आधी पेशंट बाहेर, मग तुम्ही, मग फोन.

क्वेंच कधी? माणूस वस्तू आणि मशीनमध्ये अडकून जखमी झाला असेल तेव्हा, किंवा आग लागून फायर ब्रिगेडला लोखंडी सामानासकट आत जावंच लागणार असेल तेव्हा. नुसती व्हीलचेअर चिकटली तर नाही, इंजिनिअरला बोलवा. पेशंटचं हृदय बंद पडलं तरी नाही, क्षेत्र उतरायला मिनिटभर किंवा जास्त लागतं. छाती दाबायला सुरुवात करत टेबलासकट बाहेर काढा, दार लावा, आणि दारात एक माणूस उभा करा. धावत येणाऱ्या टीमच्या हातात डिफिब्रिलेटर असतो, सिलिंडर असतो.

रोजचं

सकाळी हेलियमची पातळी आणि चिलरचं तापमान वहीत लिहा. कोल्डहेडचा, म्हणजे हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्राचा, ठरावीक लयीतला आवाज कानात बसवा, तो बंद वाटला तर इंजिनिअरला तेव्हाच फोन करा, संध्याकाळची वाट बघू नका. खोलीतलं आग विझवण्याचं नळकांडं लोखंडी नाही ना ते स्वतः पाहा. वाळूच्या पिशव्यांमध्ये काही वेळा लोखंडाचे कण भरलेले असतात, नवीन पिशवी हातातल्या चुंबकाने आधी बाहेर तपासा. थोडक्यात टळलेला प्रसंगही वहीत लिहा, नाव न घालता लिहिलंत तरी चालेल.

पेशंट उठवताना एकदम उभं करू नका. मिनिटभर कडेला बसवा, चक्कर येते का विचारा, कॉइलखालच्या जागी कुठे लाल झालंय का बघा. दागिन्यांची पुडी त्यांच्यासमोर उघडून मोजून द्या. रिपोर्ट कधी मिळेल ते सांगा, आणि ‘काय निघालं हो?’ याला उत्तर रेडिऑलॉजिस्टच देतील, असं सांगून पुढच्या पेशंटचा फॉर्म हातात घ्या.